"सगळं जेसनमधे टाका, पुढचं जनरेटेड कॉलम बघून घेतील" या सल्ल्याला मुद्द्यागणिक उत्तर

डेव्हलपर मंडळींमधे सध्या एक सल्ला भरपूर फिरतोय. तो थोडक्यात असा की टेबलात दोनच कॉलम ठेवा, एक आयडी आणि एक जेसन (नाव-व्हॅल्यूच्या जोड्यांचा मजकूर, त्यातल्या नावाला की म्हणतात), ॲपचा सगळा डेटा त्या जेसनमधे टाका, आणि पुढे ज्या फील्डवर सर्च करायची वेळ येईल त्याचा जनरेटेड कॉलम (जेसनमधली व्हॅल्यू आपोआप दाखवणारा कॉलम) बनवून इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) लावा की झालं. सोबत फायद्यांची यादी पण असते. मायग्रेशन (टेबलाची रचना बदलायचं काम) लागत नाही, जागा लागत नाही, स्पीड साध्या कॉलमइतकाच मिळतो, काही बदलायचं तर जेसनमधेच बदलायचं, टाइप दिला की डेटा आपोआप तपासला जातो, लिस्ट असली तरी चालतं, आणि डेटाबेस कुठलाही घ्या, सगळीकडे सेम.

मला हे फीचर मनापासून आवडतं आणि म्हणूनच हा सल्ला खटकतो, कारण लोक तो वाचून अख्खं ॲप असं बांधतात, ट्रॅफिक वाढलं की अडकतात आणि मग दोष जनरेटेड कॉलमला देतात. माझं म्हणणं एवढंच आहे की जनरेटेड कॉलम वाचायच्या सोयीसाठी आहे. जो डेटा बाहेरून आलाय आणि आपण तो फक्त साठवून वाचतो तिथे तो उत्तम चालतो. पण जो डेटा आपलं ॲप स्वतः लिहितं, रोज बदलतं, ज्याच्या बरोबर असण्याची जबाबदारी आपली आहे, त्याला साधा खरा कॉलमच द्यावा.

नवीन लोकांसाठी आधी थोडी उजळणी. समजा एक टेबल आहे ज्यात बाहेरच्या सिस्टमकडून येणारे इव्हेंट आपण जसेच्या तसे ठेवतो, पेलोड नावाचा जेसन कॉलम आहे. आता आपण डेटाबेसला सांगतो की स्टेटस नावाचा एक कॉलम कर आणि त्याची व्हॅल्यू नेहमी पेलोडमधल्या स्टेटस या की मधून काढ. हा झाला जनरेटेड कॉलम. त्यात आपण हाताने काही लिहू शकत नाही, पेलोड बदलला की तो बदलतो. स्टोअर्ड असेल तर व्हॅल्यू लिहितानाच काढून रो मधे ठेवली जाते, व्हर्च्युअल असेल तर वाचताना त्या क्षणी काढली जाते. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

"मायग्रेशन लागत नाही."

जनरेटेड कॉलम ॲड करणं म्हणजे ऑल्टर टेबलच (टेबलाची रचना बदलायची कमांड) आहे, म्हणजे मायग्रेशनच आहे, फाइल तीच, डिप्लॉय तोच. प्रश्न फक्त तो ऑल्टर हलका आहे की जड, आणि ते कुठला प्रकार निवडला यावर ठरतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमधे व्हर्च्युअल कॉलम जोडणं खरंच झटपट होतं, फक्त टेबलची व्याख्या बदलते. पण तिथेच स्टोअर्ड जोडला तर अख्खं टेबल नव्याने लिहिलं जातं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमधे स्टोअर्ड जोडला तरी तेच, शिवाय तेवढा वेळ टेबलवर सगळ्यात कडक लॉक असतो म्हणजे साधी सिलेक्ट क्वेरी पण थांबून राहते. मोठ्या टेबलवर दिवसाउजेडी हे चालवलं तर काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये.

आणि यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ज्या भीतीपोटी हा सल्ला जन्माला आला ती भीतीच आता जुनी झालीये. साधा कॉलम जोडणं आज स्वस्त आहे. पोस्टग्रेसमधे नल (म्हणजे व्हॅल्यूच नसणं) चालणारा साधा कॉलम जोडायला टेबल कधीच पुन्हा लिहावं लागत नव्हतं, आणि व्हर्जन ११ पासून ठरावीक डिफॉल्ट दिला तरी लागत नाही. मायएसक्यूएल ८.०.१२ पासून साधा कॉलम इन्स्टंट जोडता येतो. म्हणजे जड ऑल्टर टाळायचा म्हणून जेसनकडे गेलो आणि मग त्याच जेसनमधून स्टोअर्ड कॉलम काढायला त्याहून जड ऑल्टर केला, असं उलटं काम होतं.

एक्सप्रेशन (व्हॅल्यू काढायचं सूत्र) बदलायचं असेल तर अजून त्रास. पाठवणाऱ्याने की चं नाव बदललं, आता दोन्ही नावं बघायची आहेत, तर पोस्टग्रेसमधे व्हर्जन १७ च्या आधी जनरेटेड कॉलमचं एक्सप्रेशन जागेवर बदलायची सोयच नव्हती, कॉलम काढून पुन्हा जोडायचा, त्यावरचे इंडेक्स पुन्हा बांधायचे. १७ मधे कमांड आली, पण स्टोअर्ड असेल तर टेबल पुन्हा लिहिणं काही चुकत नाही.

"जागा लागत नाही."

व्हर्च्युअल कॉलमला लागत नाही, बरोबर. पण हा सल्ला सर्चसाठी आहे ना, म्हणजे इंडेक्स आला, आणि इंडेक्समधे व्हॅल्यू प्रत्यक्ष लिहिलेली असतेच. स्टोअर्ड असेल तर एकच व्हॅल्यू तीन ठिकाणी: जेसनमधे, कॉलममधे, इंडेक्समधे. वर जेसनमधे प्रत्येक रो सोबत की ची नावं पण पुन्हापुन्हा साठवली जातात, मायएसक्यूएलचा बायनरी जेसन असो की पोस्टग्रेसचा जेसनबी. हा खर्च झेपत असेल तर काही बिघडत नाही, फक्त तो आहे हे मान्य करा.

"स्पीड साध्या कॉलमइतकाच."

इथे जरा थांबायला पाहिजे कारण हे अर्धं खरं आहे आणि खरा अर्धा भाग खूप कामाचा आहे.

पोस्टग्रेसमधे साधारण २ केबीच्या वर गेलेली रो आली की मोठ्या व्हॅल्यू कॉम्प्रेस होतात किंवा बाजूच्या टोस्ट टेबलात जातात. मग २० केबीच्या जेसनमधून एक छोटी की वाचायची तरी तो अख्खा जेसन आणून, उघडून, त्यातून ती काढावी लागते, आणि हे प्रत्येक रो साठी. रिपोर्टमधे लाखो रो ची बेरीज करायची असली की सगळा वेळ तिथेच जातो. स्टोअर्ड जनरेटेड कॉलम असेल तर रो मधली छोटी व्हॅल्यू थेट मिळते, जेसनला हातच लागत नाही, फरक अगदी डोळ्यांना दिसतो. म्हणजे वाचण्यापुरतं बोलायचं तर स्टोअर्ड कॉलम साध्या कॉलमइतकाच फास्ट, यात वाद नाही.

दुसरा फायदा जो लोक सांगतच नाहीत तो स्टॅटिस्टिक्सचा. प्लॅनरला, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या डेटाबेसच्या भागाला, जेसनबीच्या आत कुठल्या की मधे कुठल्या व्हॅल्यू किती वेळा येतात याची काही कल्पना नसते. थेट जेसनमधली की काढून बरोबर-चिन्ह लावून तुलना केली तर पोस्टग्रेस डोळे झाकून अंदाज करतो, २०० वेगवेगळ्या व्हॅल्यू असतील असं धरून ०.५ टक्के रो जुळतील म्हणतो. प्रत्यक्षात ९५ टक्के ऑर्डर 'पूर्ण' या स्टेटसमधे असतील तर हा अंदाज पार गंडतो, आणि मग जॉइनची (दोन टेबलं जोडायची) पद्धत चुकीची निवडली जाते आणि जी क्वेरी चटकन यायला पाहिजे ती तासभर लोंबकळते. स्टोअर्ड कॉलम बनवला, ॲनालाइझ (आकडेवारी गोळा करायची कमांड) चालवलं, की प्लॅनरला खरी आकडेवारी मिळते. एक्सप्रेशन इंडेक्स (कॉलमऐवजी थेट सूत्रावरचा इंडेक्स) बनवला तरी त्या एक्सप्रेशनची आकडेवारी गोळा होते आणि व्हर्जन १४ पासून इंडेक्स न बनवता नुसती एक्सप्रेशनची स्टॅटिस्टिक्स पण बनवता येतात, ते लक्षात असू द्या.

आता जे खरं नाही ते. व्हर्च्युअल कॉलम वाचताना काढला जातो, म्हणून इंडेक्समधून उत्तर मिळालं नाही तर जेसन उघडायचा खर्च तसाच्या तसा राहतो. मायएसक्यूएलमधे क्वेरीला लागणारं सगळं इंडेक्समधेच असेल तर तिथली तयार व्हॅल्यू वापरली जाते, फिल्टर आणि सॉर्ट झकास चालतात, पण इंडेक्स नसलेल्या व्हर्च्युअल कॉलमवर ग्रुप बाय लावून "कॉलम आहे की, मग स्लो का" असं विचारणारे खूप भेटतात. तो कॉलम दिसायला कॉलम आहे, कामाला फंक्शन आहे.

शिवाय मायएसक्यूएलमधे क्वेरीत कॉलमचं नाव न लिहिता जेसनचं एक्सप्रेशनच लिहिलं तर ऑप्टिमायझर (तिथला प्लॅनर) ते ओळखून इंडेक्स वापरू शकतो, पण एक्सप्रेशन तंतोतंत तेच पाहिजे आणि टाइप पण तोच. व्याख्येत -> आणि क्वेरीत ->> (दोन्ही जेसनमधून व्हॅल्यू काढायची चिन्हं) असलं तर जुळणी होत नाही, कारण एकाने अवतरणचिन्हं काढलेली असतात, दुसऱ्याने नाही. सरळ कॉलमचं नाव वापरा आणि एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) बघा, "इंडेक्स टाकलाय" म्हणजे "इंडेक्स वापरला जातोय" असं होत नाही. कोलेशन (मजकुराची तुलना करायचे नियम) पण बघा. मायएसक्यूएलमधे जेसनमधली स्ट्रिंग बायनरी कोलेशनने येते, अक्षराचा लहानमोठेपणा धरून, पण तुम्ही व्हारकॅर (मजकुराचा टाइप) म्हणून जाहीर केलेला जनरेटेड कॉलम टेबलचं डिफॉल्ट कोलेशन घेतो, आणि ते बहुतेक वेळा लहानमोठेपणा न बघणारं असतं. म्हणजे तोच डेटा, तीच अट, एकदा एक्सप्रेशनवर आणि एकदा कॉलमवर लावली तर उत्तरं वेगळी. बग शोधायला बसलात तर दिवस जाईल.

"बदलायचं तर जेसनमधेच बदला."

माझ्या मते या पूर्ण सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग हाच आहे, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

ऑर्डरचं उदाहरण घ्या. एका जेसनमधे स्टेटस, पत्ता, शेरा, सगळं आहे. पेमेंट आल्यावर एक प्रोसेस रो वाचते, ॲपमधे जेसनचा ऑब्जेक्ट बनतो, स्टेटस 'पेड' केलं जातं, आणि ऑब्जेक्ट परत सेव्ह होतो. नेमक्या त्याच वेळी ग्राहक पत्ता बदलतो, दुसऱ्या प्रोसेसने पण जुनाच जेसन वाचलेला असतो ज्यात स्टेटस अजून 'पेंडिंग' आहे, ती त्यात पत्ता बदलते आणि पूर्ण जेसन सेव्ह करते. शेवटी ज्याने सेव्ह केलं त्याचा जेसन राहिला. पैसे आले, स्टेटस पेंडिंग. कुठेही एरर नाही, लॉगमधे दोन्ही अपडेट यशस्वी. आणि जनरेटेड कॉलम? तो इमानदारीत 'पेंडिंग' दाखवतो, कारण जेसन तेच म्हणतोय.

स्टेटस आणि पत्ता वेगळे कॉलम असते तर एका अपडेटने स्टेटस लिहिलं असतं, दुसऱ्याने पत्ता, दोन्ही टिकले असते. जेसन ठेवूनही हे टाळता येतं, डेटाबेसचं जेसन सेट फंक्शन वापरून एकाच अपडेट स्टेटमेंटमधे तेवढीच की बदलायची, किंवा व्हर्जन नंबरचा कॉलम ठेवून तपासायचं. पण बहुतेक ओआरएम (ॲपचे ऑब्जेक्ट डेटाबेसमधे लिहिणाऱ्या लायब्ररी) जेसन फील्ड पूर्णच लिहितात, आणि हा सल्ला घेणारा माणूस बहुतेक वेळा ओआरएमच वापरत असतो. म्हणजे धोका अगदी नेहमीच्या वाटेवर आहे.

लिहिण्याचा खर्च पण धरा. पोस्टग्रेसमधे अपडेट म्हणजे रो ची नवी प्रत. जेसन बदलला तर पूर्ण जेसन नव्याने लिहिला जातो, टोस्टमधला भाग पण, आणि ते सगळं वॉलमधे (बदलांच्या नोंदवहीत) पण जातं. स्टेटसचे चार-पाच अक्षरं बदलायला २० केबी लिहायचे. तेच स्टेटस वेगळा कॉलम असेल आणि जेसनला हात लावला नसेल, तर नवी रो टोस्टमधल्या जुन्याच जेसनकडे बोट दाखवते, तो पुन्हा लिहिला जात नाही. मायएसक्यूएल ८ मधे जेसन सेट, रिप्लेस, रिमूव्ह या फंक्शन्सनी जागच्या जागी थोडा भाग बदलायची सोय आहे, पण नवी व्हॅल्यू जुन्या जागेत मावली तरच, आणि ॲपने पूर्ण जेसन पाठवला तर ती सोय लागूच होत नाही.

इथे जनरेटेड कॉलमच्या बाजूची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. पोस्टग्रेसमधे इंडेक्स असलेलं काही बदललं नसेल तर अपडेट हलका होतो, सगळ्या इंडेक्समधे नवी नोंद करावी लागत नाही, याला हॉट अपडेट म्हणतात. थेट जेसनवर एक्सप्रेशन इंडेक्स असेल तर जेसनमधलं काहीही बदललं तरी पोस्टग्रेस धरून चालतो की इंडेक्स बदलला, आणि हलका अपडेट गेला. पण इंडेक्स स्टोअर्ड जनरेटेड कॉलमवर असेल आणि त्या कॉलमची व्हॅल्यू तीच राहिली असेल तर हलका अपडेट शक्य असतो. जेसन वारंवार बदलतोय पण इंडेक्सवाली की क्वचितच, अशा टेबलवर हे फार उपयोगाचं आहे.

"टाइप दिला की डेटा आपोआप तपासला जातो."

तपासला जातो, पण तुम्हाला वाटतं तसा नाही. दोन टोकं आहेत आणि दोन्ही त्रासदायक.

पहिलं टोक. इव्हेंटच्या पेलोडमधे क्वांटिटी येते, कधी १० असा नंबर, कधी "१०" अशी स्ट्रिंग, दोन्ही पूर्णांकात बदलतात, सगळं छान चाललंय. एके दिवशी पाठवणारी सिस्टम तिथे "लागू नाही" अशा अर्थाचा मजकूर पाठवते. जनरेटेड कॉलम पूर्णांकाचा आहे, स्टोअर्ड आहे किंवा त्यावर इंडेक्स आहे. कास्ट (टाइप बदलणं) फेल. फक्त कॉलम रिकामा राहतो का? नाही, अख्खा इन्सर्टच फेल होतो, पोस्टग्रेसमधे पण आणि मायएसक्यूएलच्या स्ट्रिक्ट मोडमधे पण. जो कच्चा डेटा जसाच्या तसा जपून ठेवायला हे टेबल बनवलं होतं, तोच आत येत नाही. बाहेरून आलेल्या पेलोडवर कडक टाइपचा जनरेटेड कॉलम लावताना हा विचार आधीच करा. मी अशा वेळी आधी टेक्स्ट म्हणून काढतो, किंवा एक्सप्रेशनमधेच केस (जर-तरची अट) लावून, नंबरसारखं दिसलं तरच बदल नाहीतर नल, असं लिहितो.

दुसरं टोक याच्या बरोबर उलट. की च नाही, किंवा कोणीतरी की च्या नावात एक अक्षर चुकवलं, तर एरर येतच नाही, गपचूप नल येतो. साध्या कॉलमचं नाव चुकलं तर डेटाबेस तिथेच ओरडतो, इथे महिनोन्महिने नल साठत राहतात आणि रिपोर्टमधले आकडे कमी दिसायला लागले की कोणाच्या तरी लक्षात येतं. नॉट नल आणि चेक लावता येतात जनरेटेड कॉलमवर, लावा जरूर, पण मग तो स्कीमाच झाला ना, जो "नको" म्हणून सुरुवात केली होती.

नलवरून अजून एक. मायएसक्यूएलमधे जेसनमधला नल ->> ने काढला तर डेटाबेसचा नल मिळत नाही, नल हा शब्द चार अक्षरांची स्ट्रिंग म्हणून मिळतो. इज नल लावून शोधलं तर त्या रो येत नाहीत. पोस्टग्रेस त्याच ->> ला खरा नल देतो. मायएसक्यूएलच्या व्याख्येत नलइफ (ठरावीक व्हॅल्यू आली की नल देणारं फंक्शन) लावायची सवय ठेवा.

आणि तारखा. पोस्टग्रेस जनरेटेड कॉलममधे फक्त इम्युटेबल फंक्शन्स घेतो, म्हणजे तीच इनपुट दिली की कायम तेच उत्तर. टेक्स्टची तारीख करणं सेशनच्या डेटस्टाइल (तारीख कुठल्या क्रमाने वाचायची) सेटिंगवर अवलंबून असतं म्हणून ते इम्युटेबल धरलं जात नाही, आणि साधा कास्ट लिहिला की एक्सप्रेशन इम्युटेबल नाही असा एरर येतो. मग लोक काय करतात, स्वतःचं एक फंक्शन लिहून त्यात तोच कास्ट टाकतात आणि वर इम्युटेबल असा शिक्का मारतात. डेटाबेस तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण वेगळ्या डेटस्टाइलच्या सेशनमधून लिहिलं गेलं की दिवस आणि महिना अदलाबदल होऊन बसतो, तोही कायमचा साठवलेला. तारीख ठरलेल्या फॉरमॅटमधे येत असेल तर वर्ष, महिना, दिवस तुकडे करून मेक डेट वापरा, ते खरोखर इम्युटेबल आहे. लिहायला लांबलचक होतं पण बरोबर चालतं.

"लिस्ट असली तरी चालतं."

नाही चालत. एका रो ला जनरेटेड कॉलमची एकच व्हॅल्यू, ऑर्डरमधल्या दहा आयटमचे दहा रो त्यातून होत नाहीत. लिस्टमधे अमुक टॅग आहे का एवढंच शोधायचं असेल तर मायएसक्यूएल ८.०.१७ पासून मल्टीव्हॅल्यूड इंडेक्स आहे, पोस्टग्रेसमधे जिन इंडेक्स आहे, दोन्ही चांगले. पण जिन "हे यात आहे का" याला उत्तर देतो, मोठं-लहान अशा रेंजला किंवा सॉर्टला नाही. आणि प्रत्येक आयटमचा प्रॉडक्ट आयडी खरंच प्रॉडक्ट टेबलात आहे का हे फॉरेन कीने तपासायचं असेल तर वेगळं टेबलच करा, दुसरा मार्ग नाही. साध्या एकेरी व्हॅल्यूला पण मायएसक्यूएलमधे व्हर्च्युअल कॉलमवर फॉरेन की लागत नाही, प्रायमरी की पण करता येत नाही.

"कुठलाही डेटाबेस घ्या, सगळीकडे सेम."

नाव सेम आहे, वागणं नाही. मायएसक्यूएलमधे हे २०१५ च्या ५.७ मधे जेसन टाइपसोबतच आलं, डिफॉल्ट व्हर्च्युअल, आणि व्हर्च्युअलवर इंडेक्स चालतो. हा व्हायरल सल्ला मुळात त्याच जगातला आहे. पोस्टग्रेसमधे २०१९ च्या व्हर्जन १२ मधे फक्त स्टोअर्ड आलं, व्हर्च्युअल थेट २०२५ च्या व्हर्जन १८ मधे आलं आणि तिथे डिफॉल्ट पण झालं, पण १८ मधे व्हर्च्युअल कॉलमवर इंडेक्स करता येत नाही. म्हणजे "व्हर्च्युअल कॉलम बनवा आणि इंडेक्स लावा" ही रेसिपी पोस्टग्रेसमधे सरळ एरर देते. तिथे एकतर स्टोअर्ड करा नाहीतर एक्सप्रेशन इंडेक्स लावा, जो टेबल न लिहिता आणि लिहिणाऱ्यांना न अडवता कॉनकरंटली बांधता येतो. व्हर्जन १८ वर गेल्यावर नवी स्क्रिप्ट लिहिताना, स्टोअर्ड पाहिजे असेल तर तो शब्द स्पष्ट लिहिलाय ना तेवढं बघा. शिवाय मायएसक्यूएलमधे एक जनरेटेड कॉलम आधीच्या जनरेटेड कॉलमवरून काढता येतो, पोस्टग्रेसमधे नाही.

एसक्यूलाइटमधे ३.३१ पासून आहे, पण आधीच असलेल्या टेबलात ऑल्टरने फक्त व्हर्च्युअल जोडता येतो, स्टोअर्ड नाही. एसक्यूएल सर्व्हरमधे कम्प्युटेड कॉलम म्हणतात, आणि तिथलं जेसन व्हॅल्यू फंक्शन ४००० अक्षरांपर्यंतची स्ट्रिंग देतं, त्याहून लांब असेल तर डिफॉल्ट मोडमधे नल. त्यावर तसाच इंडेक्स केला तर की च्या १७०० बाइटच्या मर्यादेची वॉर्निंग येते, म्हणून छोट्या टाइपमधे कास्ट करून घ्यायचं. मारियाडीबीमधे जेसन हा मुळात लाँगटेक्स्टचं दुसरं नाव आहे.

आकड्यांचं तर खास जपा. मायएसक्यूएल मजकुरातून जेसन वाचताना दशांश असलेला आकडा डबल (ठरावीक अंकांपर्यंतच अचूक असलेला टाइप) म्हणून ठेवतो, पोस्टग्रेसचा जेसनबी न्यूमेरिक म्हणून, अगदी अचूक. म्हणजे खूप जास्त अंकांची रक्कम मायएसक्यूएलच्या जेसनमधे शिरतानाच अचूकता गमावू शकते, आणि नंतर जनरेटेड कॉलमला डेसिमल टाइप दिलात म्हणून ती परत येत नाही. रक्कम साध्या डेसिमल कॉलमात ठेवा.

तर मग वापरायचं कधी? बाहेरून आलेले इव्हेंट, ऑडिट लॉग, थर्ड पार्टी एपीआयचे रिस्पॉन्स, म्हणजे जे एकदा लिहून नंतर फक्त वाचायचं असतं, तिथे बिनधास्त वापरा. यातला मला सगळ्यात आवडणारा उपयोग इव्हेंट आयडीचा: पेलोडमधून इव्हेंट आयडी जनरेटेड कॉलमने बाहेर काढायचा, त्यावर युनिक इंडेक्स, नॉट नल, आणि समोरच्या सिस्टमने तोच इव्हेंट पुन्हा पाठवला तर डेटाबेसच तो नाकारतो. ॲपमधे आधी शोधा मग टाका असलं काही लिहावं लागत नाही आणि दोन प्रोसेसची टक्कर पण होत नाही. प्रॉडक्टचे कधी असणारे कधी नसणारे गुणधर्म, ज्यातल्या दोनतीनवरच फिल्टर लागतो, तिथे पण छान बसतं.

आणि ज्यांनी आधीच सगळं जेसनमधे टाकलंय त्यांनी घाबरून रीराइट काढू नका. कुठल्या की ॲप स्वतः बदलतं त्यांची यादी करा, बहुतेक वेळा ती छोटीच निघते, स्टेटस, रक्कम, मालक, दोनचार तारखा. त्या एकेक करून खऱ्या कॉलमात आणा. पोस्टग्रेसमधे स्टोअर्ड जनरेटेड कॉलम असेल तर व्हर्जन १३ पासून ड्रॉप एक्सप्रेशन कमांड आहे, कॉलम आणि त्यातल्या व्हॅल्यू राहतात, फक्त जनरेटेडपणा जातो आणि तो साधा, लिहिता येणारा कॉलम होतो. मायएसक्यूएलमधे पण स्टोअर्डचा साधा करता येतो, व्हॅल्यू टिकतात, व्हर्च्युअलचा मात्र थेट होत नाही, तिथे नवा साधा कॉलम जोडून बॅचमधे भरून घ्यायचा. ॲपचा कोड आधी असा करा की तो नव्या कॉलममधून वाचेल, मग एक्सप्रेशन काढताना त्याच रिलीजमधे लिहिणं पण कॉलमकडे वळवा, आणि जेसनमधली ती की लगेच काढून टाका. ती तिथे राहू दिलीत तर दोन ठिकाणी दोन स्टेटस होतील आणि कोणतं खरं हे विचारायला कोणी ना कोणी येणारच.